भगोरियाला गेला की परत येईल का?

प्रश्न : आमच्या इंदूरच्या वर्कशॉपवर अलीराजपूरकडचा एक भिलाला आदिवासी पोरगा हेल्परला आहे, १८ वर्षांचा, आठवी पास. हाताला अक्कल आहे पण भगोरियाला, म्हणजे त्यांच्याकडच्या जत्रेला, गेला की महिनाभर गायब. याला नीट काम शिकवायचं तर काय करू ताई?

उत्तर : दादा, आधी ती सुट्टी आपणहून देऊन टाका, भगोरिया होळीच्या आधीच्या आठवड्यात असतो हे आपल्याला माहीतच असतं, मग दरवर्षी चिडायचं कशाला! आपण गणपतीत दुकान बंद ठेवतोच की. आता शिक्षणाचं. आयटीआयला वेल्डरसारख्या काही ट्रेडला आठवी पास चालतं, फॉर्म तुम्ही बसून भरा, त्याच्यावर सोडू नका, जात प्रमाणपत्राशीच गाडी अडते. स्वतःचं दुकान टाकायचं असेल तर बँकांच्या आरसेटी, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण केंद्रात ट्रेनिंग, राहणं, जेवण सगळं फुकट. आणि हो, हे शिक्षण राहून गेलं तर तो गुजरातेत गोध्र्याकडच्या दगड दळायच्या कारखान्यात जाईल, तिथल्या धुळीने झाबुआ-अलीराजपूरची कितीतरी तरुण माणसं सिलिकोसिस या फुफ्फुसाच्या आजाराने गेलीत. रोज अर्धा तास तुम्ही स्वतः शिकवा, मिस्त्रीवर ढकलू नका, मिस्त्री फक्त चहा आणायला पाठवतो.