रंगमंच-सल्ला : नवी संहिता आणि लेखकाची जागा

प्रश्न : आमच्या हौशी नाट्यगटाने पंचविशीच्या आतील चार लेखकांच्या, प्रत्येकी सुमारे वीस मिनिटांच्या नव्या एकांकिका एकाच संध्याकाळी सादर करायचे ठरवले आहे. लेखक तालमीला बसला की नट अवघडतात, म्हणून त्याला थेट प्रयोगालाच बोलवावे, असे आमच्या दिग्दर्शकांचे मत आहे. ते योग्य आहे का? चार वेगवेगळी नेपथ्ये कशी सांभाळावीत?

उत्तर : लेखकाला दूर ठेवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. अनेकदा रंगमंचावर आलेल्या नाटकाचे कच्चे दुवे आधीच निघून गेलेले असतात. नव्या लेखकाने मात्र आपले संवाद दुसऱ्याच्या तोंडून कधी ऐकलेलेच नसतात, आणि ते पहिल्यांदा ऐकण्याची जागा तालमीची खोली हीच आहे. भूमिका वाटून देण्यापूर्वी आपसात एक वाचन ठेवा. त्या वेळी लेखकाने स्वतः वाचू नये, खुलासेही करू नयेत, हातात पेन्सिल घेऊन फक्त ऐकावे.

अशाच एका वाचनात, घर सोडून निघालेल्या मुलीच्या तोंडी ‘मी आता थांबणार नाही’ हे वाक्य तीनदा होते. वाचणाऱ्या मुलीने ते पहिल्यांदा म्हटले आणि नकळत समोरची रिकामी खुर्ची टेबलाखाली सरकवली. लेखिकेने काही न बोलता पुढची दोन वाक्ये खोडली आणि कंसात खुर्चीची सूचना लिहिली. ती तिथे नसती, तर हीच काटछाट दिग्दर्शकाने केली असती आणि तिला ती प्रयोगाच्या दिवशी कळली असती. बदल सुचवण्याचा दिग्दर्शकाला पूर्ण अधिकार आहे, पण संहितेतला शब्द लेखकाच्याच हातून बदलला जावा. नट अवघडतात हे खरे आहे; त्यासाठी हालचाली बसवण्याच्या दिवसांत लेखकाला सुट्टी द्यावी आणि सलग तालमींना पुन्हा बोलवावे.

नेपथ्याची काळजी थोडी कमी करा. लंडनच्या रॉयल कोर्ट नाट्यगृहात तिथले कलादिग्दर्शक जॉर्ज डिव्हाईन यांच्या काळात, १९५७ पासून, रविवारी रात्री नव्या लेखकांची नाटके जवळजवळ नेपथ्याशिवाय होत असत. तालीम मात्र पुरेशी झालेली असे. अमेरिकन नाटककार युजीन ओनील यांची रंगमंचावर आलेली पहिली एकांकिका १९१६ साली अमेरिकेतल्या प्रॉव्हिन्सटाउन गावच्या धक्क्यावरील जुन्या गोदामात झाली. आपणही चौघांसाठी एकच चौथरा, एक बाक आणि दोन-तीन ठोकळे ठेवा, आणि ज्या एका वस्तूवाचून नाटक उभेच राहणार नाही तेवढीच वस्तू प्रत्येक लेखकाकडून मागून घ्या. वीस मिनिटांच्या नाटकापुढे पाच मिनिटांचा काळोख फार जड होतो, म्हणून सामानाची मांडामांड नाटकाइतक्याच काटेकोरपणे, घड्याळ लावून, तालमीत बसवावी. जास्त सामानाची एकांकिका सुरुवातीला किंवा मध्यंतरानंतर लगेच ठेवावी. प्रकाशयोजनाही सामाईकच ठेवावी.

सादरीकरणाची लेखी परवानगी लेखक मित्र असला तरी घ्यावी, आणि जाहिरातीत चारही नावे सारख्याच आकारात छापावीत.

शक्य असल्यास दोन प्रयोग करा आणि मध्ये चार-पाच दिवस मोकळे ठेवा. पहिल्या प्रयोगाला लेखकांना विंगेत न बसवता प्रेक्षकांत, मागच्या रांगेत बसवा. लोक कुठे चुळबुळले आणि कुठे श्वास रोखून बसले, हे त्यांना तिथूनच कळेल, आणि दुरुस्तीला हाताशी तालमीचे दोन दिवस तरी राहतील.