ओढ्यात भराव आणि हातात अब्रूनुकसानीची नोटीस

प्रश्न : आमची ६२ सदनिकांची संस्था २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलेल्या २३ गावांपैकी एका गावात आहे. संस्थेच्या मागून ओढा वाहतो. यंदा १२ फेब्रुवारीपासून शेजारच्या मोठ्या गृहप्रकल्पाचे डंपर ओढ्यात राडारोडा आणि मुरूम टाकत आहेत. आम्ही कृती समिती केली आणि महापालिकेकडे दोन तक्रारी दिल्या. उत्तर आलं, "जागा खासगी मालकीची आहे." मग व्हॉट्सॲप आणि फेसबुकवर लिहिलं, चौकात फलक लावला. २ जूनला विकासकाच्या वकिलाची नोटीस आली : १५ दिवसांत जाहीर माफी मागा, नाहीतर ५ कोटींचा दावा आणि फौजदारी खटला. पाठोपाठ पोलीस ठाण्याकडून कलम १६८ ची नोटीस आली. काही सभासद म्हणतात माफी मागून मोकळे होऊ, तरुण मंडळी रविवारी डंपर अडवणार म्हणतात. मी समितीची सचिव आहे. काय करावं?

उत्तर : ताई, माफी मागू नका आणि डंपरही अडवू नका. विकासकाच्या नोटिशीतले १५ दिवस तुम्हाला घाबरवतायत, पण ती मुदत चुकली म्हणून कायद्याने तुमचं काही हिरावलं जात नाही. खरी मुदत नोटिशीत कुठेच लिहिलेली नाही. राष्ट्रीय हरित लवाद अधिनियम २०१० च्या कलम १४ खाली वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत लवादाकडे, म्हणजे पर्यावरणाचे वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, अर्ज करावा लागतो. पुरेसं कारण दाखवलं तर वर ६० दिवस मिळतात, त्यापुढे एक दिवसही नाही. "पहिल्यांदा" हा शब्द कायद्यातलाच आहे. रोज नवा डंपर येतो म्हणून रोज नवी मुदत सुरू होईल, या भरवशावर राहू नका. पहिला डंपर १२ फेब्रुवारीचा, म्हणजे तुमचा अर्ज ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याच्या आत दाखल झालाच पाहिजे. बहुतेक समित्या नोटिशीला उत्तर देण्यात, सभा घेण्यात आणि निवेदनं देण्यात हे सहा महिने घालवतात. नंतर कलम १५ उरतं. पर्यावरण पूर्ववत करणं आणि भरपाई यासाठी त्यात पाच वर्षांची मुदत आहे. पण तोवर भरावावर संरक्षक भिंत उभी राहिलेली असते.

आधी "जागा खासगी आहे" या उत्तराकडे वळू, कारण तुमची तक्रार तिथेच अडकली आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० नुसार नद्या, ओढे, नाले यांचं पात्र शासनाच्या मालकीचं असतं, त्यावर कोणा खाजगी व्यक्तीचा हक्क सिद्ध होत नसेल तर. सातबाऱ्यावर "पोटखराबा (ब)" अशी नोंद असेल तर तीही नीट पाहा. सार्वजनिक वापराच्या वाटा, ओढे, नाले यांचं क्षेत्र त्यात दाखवतात. आणि मालकी खासगी निघाली, तरी जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम १९७४ चं कलम २४ मालक कोण हे विचारतच नाही. प्रवाहाला अडथळा होऊन प्रदूषण लक्षणीय वाढेल असा कोणताही पदार्थ जाणूनबुजून प्रवाहात टाकायला त्यात मनाई आहे. "ओढा आठ महिने कोरडाच असतो" हा बचाव नेहमी येतो. त्याचं उत्तर त्याच कायद्याच्या व्याख्येत आहे : सध्या कोरडा असलेला जलमार्गही प्रवाहच.

आता कागद गोळा करा. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची आणि त्या गट क्रमांकाच्या जमिनीच्या मूळ टिपणाची (पहिल्या मोजणीच्या नोंदीची) प्रमाणित प्रत घ्या. शुल्क भरून ती कोणालाही मिळते. विकासकाच्या जमिनीची मोजणी तुम्हाला मागता येणार नाही, पण स्वतःच्या संस्थेच्या भूखंडाची येते. त्या मोजणीत तुमच्या बाजूची ओढ्याची कड नकाशावर उतरते, तेवढं पुरतं. गूगल अर्थवरची जुनी छायाचित्रं तारखेसह छापून ठेवा.

भरावाचं माप काढा. तक्रारीत "प्रचंड भराव" लिहिलं की ती बाजूला पडते, आकडा लिहिला की कोणाला तरी उत्तर द्यावं लागतं. समजा भराव ८० मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि सरासरी २ मीटर उंच आहे. म्हणजे ९६० घनमीटर. एक ब्रास २.८३ घनमीटरचा, म्हणून सुमारे ३४० ब्रास. डंपर चार-साडेचार ब्रासचा धरला तर ७५ ते ८५ खेपा. घनमीटरला दीड टन धरलं तर वजन १,४०० टनांच्या पुढे जातं. २०१६ च्या बांधकाम व पाडकाम कचरा नियमांत दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पातून महिन्याला ३०० टन कचरा निर्माण करणाऱ्याने व्यवस्थापन आराखडा स्थानिक संस्थेकडून मंजूर करून घ्यायचा होता. माहिती अधिकारात तोच आराखडा मागा. १ एप्रिल २०२६ पासून त्या नियमांच्या जागी २०२५ चे नवे नियम आले आहेत. म्हणून खेपांच्या नोंदी मार्चअखेरपर्यंतच्या वेगळ्या आणि नंतरच्या वेगळ्या ठेवा. मुरमाचा मार्ग निराळा आहे. मुरूम गौण खनिज असल्याने त्याचं स्वामित्वधन (रॉयल्टी) आणि वाहतूक पास तहसीलदारांच्या अखत्यारीत येतात. विनापरवाना उत्खनन, वाहतूक असेल तर महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो आणि ४८(८) खाली वाहन जप्त करता येतं. तरुण मंडळींना काम द्यायचं असेल तर हे द्या : गाडी क्रमांक, वेळ, आत काय होतं, रिकामी कुठे झाली. सगळं एकाच वहीत, रोज, लिहिणाऱ्याच्या सहीसह.

डंपर अडवला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ खाली अटकावाचा गुन्हा लागतो. शिक्षा एक महिन्यापर्यंत असली तरी तो गुन्हा तुमच्या नावावर राहतो, आणि पुढच्या प्रत्येक सुनावणीत "हे लोक कायदा हातात घेतात" हेच वाक्य ऐकावं लागतं. पोलिसांची, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची नोटीस म्हणजे आरोप नव्हे. ती जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९ ची जागा घेणारी, प्रतिबंधात्मक सूचना आहे. तिला लेखी उत्तर द्या : आम्ही शांततेने तक्रार करत आहोत, आमच्या तक्रारींच्या प्रती सोबत जोडल्या आहेत, ओढ्यात भराव टाकणाऱ्यांवरही अशीच प्रतिबंधात्मक कारवाई करावी. सभा घ्यायची तर आधी पोलीस ठाण्यात विचारून घ्या. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चा जमावबंदी आदेश चालू असेल तर पाच माणसं जमली तरी अडचण होते.

फोटो आणि चित्रफिती ज्या मोबाइलवर काढल्या त्यातच मूळ रूपात राहू द्या. व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या फोटोतून तारीख आणि ठिकाणाची माहिती गळून पडते. न्यायालयात दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्याचा भाग अ उपकरण वापरणाऱ्याने आणि भाग ब तज्ज्ञाने भरायचा असतो, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा सांकेतिक क्रमांक) लिहितात. ड्रोन उडवू नका. लोहगावच्या विमानतळामुळे पुण्याचा मोठा भाग निर्बंधाखाली आहे, आणि विनापरवाना चित्रीकरण तुमच्यावरच उलटेल.

तक्रार पुन्हा द्या, पण योग्य दारांवर. २३ गावांत बांधकाम परवानगीचे अधिकार पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (पीएमआरडीए) ठेवले गेले आणि कचरा व नाले महापालिकेकडे, म्हणून दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. एकच पानभर तक्रार महापालिका आयुक्त, पीएमआरडीए, तहसीलदार, जिल्हाधिकारी आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे उपप्रादेशिक अधिकारी या पाचही ठिकाणी द्या. प्रत्येक प्रतीवर बाकीच्या चौघांची नावं असू द्या आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय परत येऊ नका. जिल्हाधिकारी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्षही असतात. त्या नात्याने त्यांना वेगळं पत्र लिहा आणि २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने पुण्यात काय झालं त्याची आठवण त्यात जरूर द्या. माणसं गेली होती. पाऊस तोंडावर असताना हे पत्र कोणाला फाइलमध्ये नुसतं ठेवून देता येत नाही.

माहिती अधिकाराच्या अर्जात महाराष्ट्रात एकच विषय आणि १५० शब्द अशी मर्यादा आहे. म्हणून तीन छोटे अर्ज करा : मंजूर रेखांकन आणि त्यातला ओढ्याचा मार्ग, कचरा व्यवस्थापन आराखडा, आणि पर्यावरण मंजुरी. बांधकाम क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पूर्वमंजुरी लागते. ती केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश संकेतस्थळावर आधी शोधा, बहुतेक वेळा अर्जाची गरजच पडत नाही. मंजुरीत नैसर्गिक प्रवाहाला धक्का न लावण्याची अट सापडली तर तुमचं अर्धं काम झालं. मात्र खुद्द मंजुरीलाच आव्हान द्यायचं असेल तर मुदत फक्त ३० दिवसांची, वर ६० दिवस सवलत. ती बहुधा उलटून गेली असेल, म्हणून मागणी अटींच्या उल्लंघनाची ठेवा.

हरित लवादाचं पश्चिम विभागीय पीठ पुण्यातच आहे. भरपाई मागितली नाही तर शुल्क १,००० रुपये. नोंदणी नसलेल्या कृती समितीच्या नावाने अर्ज करू नका. ओढ्यालगत राहणारे दोन-तीन रहिवासी आणि, ठराव करून, तुमची संस्था असे अर्जदार ठेवा. अर्जाचा आधार जल अधिनियम, पर्यावरण संरक्षण अधिनियम आणि कचरा नियम हाच असू द्या. लवाद ज्या कायद्यांखालचे वाद ऐकतो त्यांच्या अनुसूचीत नगररचना कायदा नाही. बांधकाम परवाना रद्द करा अशी मागणी तिथे घातली की समोरचा वकील अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावरच महिने घालवतो. ओढ्यापासून नियमापेक्षा जास्त अंतर सोडायला लावा, असंही मागू नका. बेंगळुरूच्या तलावांभोवती आणि राजकालुव्यांभोवती (पावसाच्या पाण्याच्या मोठ्या नाल्यांभोवती) लवादाने वाढवलेली अंतरं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये रद्द केली, कारण ती शहराच्या मंजूर आराखड्याच्या पलीकडची होती. मागणी अशी ठेवा : भराव तात्काळ थांबवा, टाकलेला काढा, पात्राची हद्द आखून खांब रोवा, पर्यावरण भरपाई वसूल करा. सोबत, निकाल लागेपर्यंत भराव थांबवण्यासाठी, अंतरिम अर्ज द्या.

लवाद बहुधा जागेची पाहणी करायला अधिकाऱ्यांची संयुक्त समिती नेमतो, आणि प्रकरणं तिथेच हरतात. समिती येते तेव्हा विकासकाचा अभियंता नकाशा घेऊन हजर असतो आणि रहिवासी कामावर गेलेले असतात. भरावाच्या वरच्या आणि खालच्या अंगाची मोरी (रस्त्याखालून पाणी जाण्याची वाट) मोजून ठेवा. भरावाच्या जागी पात्राची रुंदी चार-पाच ठिकाणी अक्षांश-रेखांशासह लिहा. ते पान समितीच्या प्रत्येक सदस्याच्या हातात द्या आणि पोच घ्या.

अब्रूनुकसानीबद्दल. आजच सगळे मजकूर, फलक आणि गटातले संदेश तारखेसह जतन करा. मगच वाचा. पुराव्यावर टिकणारं विधान तसंच राहू द्या : "अमुक तारखेला अमुक ठिकाणी राडारोडा टाकला." मतही राहू द्या : "यामुळे आमच्या घरात पाणी शिरेल." पण "अधिकाऱ्यांना पैसे चारले", "भूमाफिया", "चोर" असं काही कोणी लिहिलं असेल आणि हातात कागद नसेल, तर ते काढा आणि काढल्याचं दोन ओळींत जाहीर करा. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या सदनिकाधारकांवरचा असाच खटला रद्द केला. त्यांनी विकासकाविरुद्ध तक्रारींचा फलक लावला होता. फलकावर फसवणूक, अपहार असे शब्द नव्हते, भाषा संयत होती, हे न्यायालयाने मुद्दाम नोंदवलं आणि अब्रूनुकसानीच्या कलमातला, सद्भावनेने केलेल्या विधानाचा नववा अपवाद लागू केला. तो अपवाद नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्येही आहे. तुमचा फलक त्या कसोटीवर लावून पाहा.

अब्रूनुकसानीत पोलीस स्वतःहून गुन्हा नोंदवू शकत नाहीत. विकासकाला दंडाधिकाऱ्यांपुढे खासगी फिर्यादच द्यावी लागते, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ नुसार दखल घेण्याआधी तुमचं म्हणणं ऐकावं लागतं. दिवाणी बाजूला, तुमच्या अपरोक्ष मनाई हुकूम मिळू नये म्हणून पुण्याच्या दिवाणी न्यायालयात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८अ खाली कॅव्हेट दाखल करा. ते ९० दिवस टिकतं, नंतर नव्याने द्यावं लागतं. लोकांची तोंडं बंद करण्यासाठी केलेल्या दाव्यांत असे हुकूम यांत्रिकपणे देऊ नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये बजावलं आहे. तो निकाल हाताशी ठेवा.

नोटिशीला उत्तर मात्र १५ दिवसांत, वकिलामार्फत, पानभरच द्या. विधानं वस्तुस्थितीवर आधारलेली, सार्वजनिक हितासाठी आणि सद्भावनेने केलेली आहेत, माफीचा प्रश्न नाही. पुरावा त्यात उघड करू नका आणि प्रतिधमकीही नको. तुम्ही व्हॉट्सॲप गटाच्या ॲडमिन असाल, तरी तेवढ्यावरून दुसऱ्याच्या संदेशाची जबाबदारी आपोआप तुमच्यावर येत नाही. समान हेतू दिसला नाही तर ॲडमिन दोषी नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. तरी पुढचे दोन महिने गटात फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल अशी व्यवस्था ठेवा.

अर्ज दाखल झाला की बहुधा समेटाचा निरोप येईल : संस्थेला कंपाउंड बांधून देतो, रस्ता करून देतो. बोलणी करायला हरकत नाही, पण तोंडी काही मान्य करू नका आणि कोऱ्या "ना हरकत" पत्रावर सही करू नका. जे ठरेल ते लवादापुढे लेखी दाखल होऊन आदेशात यायला हवं, आणि त्यात भराव काढण्याची तारीख हवी.