वटवट्या शोधायला निघताय? आधी एवढंच करा

नाशिकजवळच्या नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात पहिल्यांदाच जाताय ना, मस्तच! वटवट्या म्हणजे वॉर्बलर, झाडाझुडपांत वावरणारे छोटे पक्षी. ऑक्टोबर ते मार्च हा पाहुण्या वटवट्यांचा सीझन, उजाडताना पोचा, ऊन तापलं की ते गप्प होतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आधी कान, मग दुर्बीण. नवीन माणूस हमखास काय करतो तर झुडूप हललं की तिकडे धावतो, आणि पक्षी आत गडप. त्यापेक्षा एका बाभळीजवळ दहा मिनिटं शांत उभे रहा, तो स्वतःच फिरत फिरत कडेला येतो, खरंच येतो. झुडपातून दगडावर दगड आपटल्यासारखं चक्-चक् ऐकू आलं तर बहुतेक ब्लिथचा वटवट्या. पाणकणसात (पाण्याकाठच्या उंच गवतात) मोठ्याने करकर चालली असेल तर तो दंगेखोर बोरू वटवट्या, आणि उंच झाडाच्या शेंड्यात सारखी चुळबुळ करणारा हिरवट वटवट्या असू शकतो.

- आधी राखी वटवट्या आणि शिंपी पक्के ओळखा, हे दोघे बारमाही आहेत, घराजवळच्या बागेतही दिसतात.
- भुवई (डोळ्यावरची फिकट रेघ) आहे का, पंखावर पट्टी आहे का, जमिनीपासून किती उंचीवर होता, एवढंच वहीत लिहा.
- मोबाईलवर आवाज वाजवून बोलावू नका प्लीज, पक्ष्यांना उगाच त्रास होतो.

प्रत्येकाला नाव द्यायचा हट्ट नको, आम्हीही बऱ्याचदा नुसतं 'वटवट्या' लिहून पुढे जातो. पंखांची मापं, उपजाती वगैरे पुढच्या सीझनला बघू. दुर्बीण ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरते, कॅमेरा पहिल्या दिवशी घरीच ठेवा.