आई-बाबांना बाकड्यावर बसवायला ऑर्लँडोला नेऊ नका

नाताळ जवळ आला की माझ्याकडे ऑर्लँडोच्या डिस्नी वर्ल्ड सहलीबद्दलची पत्रं यायला लागतात. यंदाचं हे न्यू जर्सीतल्या एका सुनेचं. तिच्याच शब्दांत देते.

"काकू, सासू-सासरे ऑक्टोबरपासून आमच्याकडे आहेत, सहा महिन्यांसाठी. २६ ते २९ डिसेंबर आम्ही डिस्नी वर्ल्डला जातोय, चार दिवसांत चार पार्क (मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज, ॲनिमल किंगडम). मोठा नऊ वर्षांचा आहे, धाकटी पाच. लायटनिंग लेन (जादा पैसे देऊन छोट्या रांगेतून जायची सोय) घ्यावी का? थंडी किती असते? व्हेज काय मिळतं? धाकटीला राइड्सवर घेतील का? आई-बाबांचा तसा काही प्रश्न नाही. आईंचे गुडघे दुखतात म्हणून ते दोघं म्हणालेत की आम्ही एका जागी बसू, तुमच्या बॅगा सांभाळू, धाकटी कंटाळली तर तिला बघू. ते एक बरंच झालं. बाबांना घरात फार कंटाळा येतो, भुसावळला लोको शेडमध्ये होते, रिकामं बसायची सवय नाही, तर तेवढाच बदल."

अगं पोरी, तुझ्या चार प्रश्नांची उत्तरं शेवटी देते, त्यांना दोन मिनिटं लागतील, पण ज्याला तू "तसा काही प्रश्न नाही" म्हणतेस ना तोच मला मोठा प्रश्न दिसतोय. रिकामं बसायची सवय नसलेल्या माणसाला तू हजार मैलांवर नेऊन बाकड्यावर बसवणार, आणि त्याला बदल म्हणतेस?

मला माहितीये तू वाईट नाहीस. नोकरी, दोन मुलं, वर्षातून मिळणारी ही एवढीशी सुट्टी, त्यात आई-बाबा आलेत तर त्यांनाही दाखवू म्हणून तिकिटं काढतेस, हे सगळं प्रेमापोटीच आहे. पण आपली माणसं कशी असतात ते तू विसरलीस का? आपल्याकडे पहिल्यांदा विचारलं की नकोच म्हणायचं असतं, दुसऱ्यांदा विचारलं की "कशाला उगाच", आणि तिसऱ्यांदा हात धरला की मग उठायचं. लेकाच्या घरी आलेली माणसं तर आणखी भिडस्त होतात, गाडी त्याची, पैसे त्याचे, रजा त्याची, आपल्यापायी खोळंबा नको. "आम्ही बसतो" म्हणजे "आम्हाला बघायचं नाही" असं नसतं गं. आमची अडचण नको, एवढंच त्यांना म्हणायचं असतं.

माझ्या सख्ख्या मावशीचं सांगते. तिच्या लेकानं तिला असंच नाताळच्या आठवड्यात मॅजिक किंगडमला नेलं. तीही म्हणाली मी बसते, आणि यांनी बसवलं. मांडीवर पॉपकॉर्नची बादली, शेजारी दोन स्ट्रोलर, चौघांची जॅकिटं, पाठीमागच्या बॅगा. सामान सोडून जायचं कसं म्हणून ती बाथरूमला गेली नाही, आणि बाथरूमला जावं लागू नये म्हणून पाणी प्यायली नाही. डिसेंबरात तिथं साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि गारठा लगेच झोंबायला लागतो, हिची शाल होती नेमकी सुनेच्या खांद्यावरच्या बॅगेत आणि सून रांगेत. इंग्रजी येत नाही, फोनला रोमिंग नाही. कोणी येऊन हसून काही विचारलं की ही नुसती मान हलवायची. पुण्याला परत गेल्यावर सगळ्या शेजारणी विचारायला आल्या, डिस्नी कसं आहे हो? तर म्हणाली, "फार मोठं आहे." बास. तिच्याकडे सांगण्यासारखं दुसरं काही नव्हतंच. तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण ते "फार मोठं आहे" माझ्या कानातून जात नाही, म्हणून दरवर्षी हाच विषय काढते, आणि ज्यांना कंटाळा आला असेल त्यांनी माझ्यासाठी पुन्हा एकदा वाचावं.

आता पहिली गोष्ट, बॅगांची राखण लागतच नाही. डिस्नीत बहुतेक राइड्सवर बॅग पायाशी घेऊन बसता येतं, ट्रॉनसारख्या राइडला चालत नाही तर तिथं त्याच्यासाठी फुकट लॉकर ठेवलेत. जास्तीची जॅकिटं, मुलांचे बदलायचे कपडे यांच्यासाठी पार्कच्या दाराजवळ भाड्याचे लॉकर मिळतात. स्ट्रोलर सगळेच बाहेर लावून जातात. धाकटीसाठीही आजी नको, रायडर स्विच म्हणून सोय आहे, उंचीत न बसणाऱ्या मुलापाशी आईबापांपैकी एक थांबतो, दुसरा राइड करून येतो, मग पहिला पुन्हा ती अख्खी रांग न लावता जातो. राइडच्या तोंडाशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला आधी सांगायचं एवढंच. म्हणजे तुमच्या घरात आजी-आजोबांना जी ड्युटी लावली होती ती पार्कनंच उचललेली आहे.

दुसरं, गुडघे. गुडघे दुखतात म्हणून बसवायचं, की गुडघे दुखतात म्हणून व्हीलचेअर घ्यायची? तिथं दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालणं सहज होतं, धडधाकट माणसाच्या पायाचे तुकडे पडतात. मॅजिक किंगडमला तर गाडी दाराशी लागतच नाही, पार्किंगमधून निघून तळ्यापलीकडे मोनोरेलनं किंवा फेरीबोटीनं जायचं आणि मग दार, म्हणजे आईंची निम्मी ताकद आत शिरायच्या आधीच संपणार. पार्कात व्हीलचेअर आणि इलेक्ट्रिक स्कूटर भाड्यानं मिळतात, पण आधी येईल त्याला आधी, बुकिंग नसतं, आणि नाताळच्या आठवड्यात सकाळीच संपू शकतात. म्हणून बाहेरच्या कंपनीकडून आधी ठरवून हॉटेलवरच मागवायची. आणि एक, व्हीलचेअर घेतली म्हणजे रांग टळते असं नाही. रांगा बहुतेक ठिकाणी व्हीलचेअर जाईल अशाच आहेत, त्यामुळे तुमच्याबरोबर त्यांनाही त्याच रांगेतून जायचं, फक्त बसून. रांगेतून सूट देणारा जो वेगळा पास आहे तो ऑटिझमसारख्या अडचणींसाठी आहे, गुडघ्यांसाठी मागायला जाऊ नका.

आई म्हणतील, "मी काय पांगळी आहे का?" म्हणणारच. माझ्या सासूबाईही म्हणाल्या होत्या. मी वाद घातला नाही, नातवाला सांगितलं की आजीची गाडी तू ढकलायचीस, आजी बसली नाही तर तुला काम नाही. नातवासाठी बसल्या, आणि दुपारपर्यंत "इकडं वळव, तिकडं काय आहे बघू" असं सुरू झालं. तुझा नऊ वर्षांचा आहे की, त्याला लाव कामाला, मध्येमध्ये तुम्ही ढकला. तिथं चाळिशी-पन्नाशीतली माणसंही स्कूटरवर बिनधास्त हिंडत असतात, ते एकदा आईंच्या नजरेला पडलं की निम्मा संकोच तिथंच जाईल.

आणि आता बाबा. भुसावळच्या लोको शेडमध्ये होते असं तू जाता जाता लिहिलंस, मी ते वाचून खुर्चीत सरसावून बसले. मॅजिक किंगडमला चारी बाजूंनी फिरणारी आगगाडी आहे, खरी वाफेची. तिची चारही इंजिनं फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कारखान्यात १९१६ ते १९२८ च्या दरम्यान बनलेली, मेक्सिकोत युकातानमध्ये नोकरी करून म्हातारी झालेली, १९६९ मध्ये डिस्नीनं विकत घेऊन नव्यासारखी केली आणि १९७१ मध्ये पार्क उघडलं तेव्हापासून ती तिथं धावतायत. तीन फुटी नॅरो गेज, म्हणजे अरुंद रूळ. बाबांना पाचोरा-जामनेर गाडी पाठ असेल, ती अडीच फुटी होती, मग बघ ते तुझ्या लेकाला काय काय समजावून सांगतात! त्यांना डब्यात नुसतं बसवू नकोस, मेन स्ट्रीटच्या स्टेशनवर इंजिनाच्या बाजूला उभं कर, लागलं तर एकदोन गाड्या जाऊ दे, ड्रायव्हरशी बोलायचं असेल तर तू भाषांतर कर. व्हीलचेअरही गाडीत चढते, म्हणजे आई बरोबर. कधी काम काढलं की गाडी बंद असते, त्यामुळे त्या दिवशी चालू आहे का ते डिस्नीच्या ॲपवर आधी बघ.

एपकॉटला "लिव्हिंग विथ द लँड" म्हणून बोटीची राइड आहे, हरितगृहांमधून जाते. पोरांना घेऊन गेलेले लोक ती बऱ्याचदा सोडून देतात. मी माझ्या वडिलांना तिथं नेलं होतं, ते चोपड्याकडचे केळीवाले. बोट हळू चालते, दोन्ही बाजूंना मातीशिवाय वाढवलेली झाडं, डोक्याच्या वर मांडवाला लोंबणारे टोमॅटो, एका ठिकाणी तर मुळं हवेत लोंबतात आणि त्यांच्यावर नुसता पाण्याचा फवारा मारतात. वडील मागं वळून वळून बघत होते, माझं मनगट घट्ट धरलेलं, "याला खत कुठून देतात? अगं विचार ना, खत कुठून देतात?" उतरल्यावर पुन्हा रांगेला लागलो. पुढं गावाकडे जो भेटेल त्याला त्यांनी ती मुळं सांगितली. माझ्या मावशीकडे सांगायला काही नव्हतं आणि माझ्या वडिलांकडे ती मुळं होती, यातला फरक तुझ्या लक्षात यावा म्हणून हे एवढं लिहितेय.

आईंसाठी ॲनिमल किंगडमची सफारी धर, उघड्या गाडीतून जिराफ, हत्ती, सिंह दिसतात. गाडी चांगली हादरते, म्हणून पाठीला उशी किंवा गुंडाळलेलं जॅकेट द्या. आणि नाताळचं म्हणून काही दाखवायचंच असेल तर गर्दीत उभं राहून फटाके दाखवण्यापेक्षा एपकॉटचं कॅंडललाइट प्रोसेशनल दाखव. मोठा गायकवृंद, वाद्यवृंद, आणि एक नावाजलेला कलाकार येशूच्या जन्माची गोष्ट वाचून सांगतो, सगळं बसून ऐकायचं. शब्द नाही कळले तरी सूर कळतात, भजनाला बसणाऱ्या बायका तिथं तल्लीन होतात हे मी पाहिलंय. जागेसाठी वेळेच्या बऱ्याच आधी रांग लावावी लागते, ती तुमच्यापैकी एकानं लावायची, आईंनी नाही. फटाके मुलांना बघू देत, त्या वेळी गुडघ्यांचे हाल नकोत.

चार दिवस चार पार्क हे मात्र मला पटलेलं नाही. आई-बाबांसाठी सलग चार दिवस नकोत, एका दिवशी त्यांना हॉटेलवर निवांत राहू दे, पण तो दिवस त्यांना आवडेल असा त्यांनीच निवडायचा, तुम्ही उरवलेला नाही. बाकीच्या दिवशी सकाळी उघडायच्या वेळेला आत, दुपारी गर्दी टोकाला गेली की हॉटेलवर येऊन जेवण-झोप, संध्याकाळी पुन्हा. मुलांनाही हेच बरं पडतं. आणि तिकिटाची किंमत त्यांना सांगू नकोस. नाताळच्या आठवड्यात मॅजिक किंगडमचं एका दिवसाचं तिकीट दोनशे डॉलरच्या घरात जातं, ज्येष्ठांना सवलत नसते, बाबा मनातल्या मनात सतरा-अठरा हजार करतील आणि मग त्यांना घशाखाली पाणी उतरणार नाही. त्यांनी विचारलंच तर लेकाकडे बोट दाखव.

आता तुझे प्रश्न. लायटनिंग लेन, या आठवड्यात हो, घ्या, निदान मॅजिक किंगडम आणि हॉलिवूड स्टुडिओजला. डिस्नीच्या हॉटेलात उतरलात तर सात दिवस आधी बुक करता येते, बाहेर उतरलात तर तीन दिवस आधी. थंडी, दुपारी बावीस-तेवीस अंश, सकाळ-रात्री दहाच्या आसपास, कधी त्याहून खाली, एकावर एक घालता येतील असे कपडे आणि आईंची शाल आईंच्याच खांद्यावर. जेवण, बाहेरचं खाणं नेऊ देतात, पोळीभाजी खुशाल न्या, फक्त काच चालत नाही तेव्हा लोणच्याची बरणी घरी, आणि जिथं सोडा मिळतो त्या काउंटरवर गार पाणी फुकट मागता येतं. धाकटी, घरीच बुटांसकट उंची मापून घे, ३८ इंच भरली तर सेव्हन ड्वार्फ्स आणि स्लिंकी डॉग मिळतील, स्पेस माउंटनला ४४ लागतात. नाताळच्या पार्टीचं वेगळं तिकीट असतं म्हणून कोणी घाबरवलं असेल तर ती पार्टी नाताळच्या आधीच संपते, तुमच्या तारखांना तिचा संबंध नाही.

आई-बाबांच्या गोळ्या आणि व्हिजिटर इन्शुरन्सचं कार्ड तुझ्या पर्समध्ये. दोघांच्या खिशात तुमचे नंबर आणि हॉटेलचं नाव लिहिलेला कागद, आणि फोनला इथलं सिम, ते या आठवड्यातच करून टाक.

आज रात्री जेवताना पार्कचा नकाशा टेबलावर पसर, बाबांना आगगाडी दाखव, आणि दोघांना विचार की यातलं तुम्हाला काय बघायचंय. नको म्हणाले तर उद्या पुन्हा विचार, परवा परत. त्यांनी काय सांगितलं ते मला कळव, आणि व्हीलचेअर आजच बुक कर, त्या आठवड्यात उशिरा मागणाऱ्याला मिळत नाही.