आधी साचा थांबव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

परवा जिन्यात भेटलास तेव्हा एका दमात सगळं सांगितलंस. चार विषयांत नापास होऊन केटी, रात्री डिलिव्हरी, शनिवार-रविवार कोडिंगचा क्लास, वर मित्राबरोबर कसला तरी धंदा. आणि विचारलंस, "अण्णा, यातलं काय सोडू?" मी गप्प बसलो. कठड्याला टेकून उत्तर द्यावं असा तो प्रश्न नव्हता.

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेवाले होते. साचा म्हणजे कापड विणायचा माग. दोन साचे बघायचे. साचाखात्यात आवाज एवढा, की माणसं ओठांवरून नि हाताच्या खुणांनी बोलायची. वडील घरीही ओरडूनच बोलत, कारण कान केव्हाच कामातून गेले होते. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही नऊ जण. काका रात्रपाळीहून यायचे तेव्हा माझी वळकटी गरमच असायची, तीत ते शिरायचे. घड्याळ नव्हतं, भोंगा होता. २१ नोव्हेंबर १९५५ला फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, त्या रात्री अख्खी चाळ गॅलरीत उभी राहून कोण परतलं ते मोजत होती. मी दहा वर्षांचा. असो, ते पुन्हा कधीतरी.

वडील उंबऱ्यात बसून मला गाठ शिकवायचे. साच्याच्या फणीतून न अडखळता गेली पाहिजे इतकी बारीक. आणि दरवेळी तेच: ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला की आधी साचा थांबव. मग शोध, मग जोड. चालत्या साच्यावर राहिलास तर तुटलेलं टोक शेजारच्या धाग्यांत गुंततं नि एकाचे चार होतात. साचेवाल्याची मजुरी कापडावर, म्हणजे साचा थांबला की पैसाही थांबला. तरी थांबव. ज्याचे पैसे बुडायचे तोच माणूस हे सांगत होता, एवढं ध्यानात घे.

मी ऐकलं नाही. १९६१ला मॅट्रिकला गणितात आपटलो. ऑक्टोबरला परत बसता आलं असतं. पण एका जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, ओळखीनं गिरणीत बदली कामगार म्हणून नाव लागत होतं, आणि चाळीत नापास म्हणून तोंड दाखवायची लाज वाटत होती. आठवड्यात गिरणीच्या फाटकावर! रात्रशाळेत नाव घातलं, भजनात पेटी धरली, युनियनची पत्रकं वाटली. सगळं एकदम. गणित तेवढं राहिलं, ते आजतागायत.

तू म्हणशील, १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप झाला तेव्हा थांबलात की. थांबलो. बाकीचे हळूहळू आत गेले, मी गेलो नाही, आणि माझ्या पोरांनी ते भोगलं, असं लोक म्हणतात. म्हणोत. हट्ट म्हणून नव्हतो बसलो. बरं, थोडा हट्टही होता. पण अर्ध्या पगारासाठी मान खाली घालून आत जायचं, तर वर्षभर उपाशी कशाला राहिलो होतो? संप रीतसर मागे घेतलेलाच नाही, माझ्या हिशेबी मी अजून संपावर आहे. तुझा आजोबा आत गेला. त्याच्यावर माझा राग नाही. होता, आठ वर्षं. एकाच जिन्यावर राहून बोललो नाही.

पुन्हा भरकटलो. तुझं बघू. चार धागे तुटलेत असं तुला वाटतंय. मला एकच दिसतो. पहिल्या वर्षाच्या गणितात गेलास, त्यावर उभे असलेले पुढचे विषय त्यामागोमाग गेले. क्लास नि धंदा तू ते झाकायला उभे केलेस. काय सोडू म्हणून काय विचारतोस? आधी थांब! घरात डिलिव्हरीचे पैसे लागतात हे मला कळतं, तुझ्या आईशी मी बोलतो. पण महिनाभर साचा थांबव. पैसे बुडतील. थांबव.

रविवारी दहाला ये. सगळ्या मार्कशीट आण, फोन घरी ठेव. सुताचं रीळ काढून ठेवलंय. माझी बोटं आता वळत नाहीत, तेव्हा आजोबालाही घेऊन ये. त्याची गाठ माझ्यापेक्षा बारीक यायची.

तुझा,
अण्णा