कोल्हापुरातली बंद पडलेली शाहू मिल आतून बघता येते का?

रोज येता-जाता नाही. गेटवर रखवालदार असतो, आणि भिंतीवरून उडी मारायचा विचार असेल तर सोड भावा. गंजलेला पत्रा, कुजलेली लाकडं, गवतात साप. पाय कुठं जाईल सांगता येत नाही.

राजर्षी शाहू महाराजांनी 1906 साली ही गिरणी काढली. भोंग्यावर घड्याळ लावणारी माणसं पेठांत अजून भेटतील. 2003 पासून बंद आहे. 2022 ला महाराजांच्या स्मृतिशताब्दीला इथं कार्यक्रम झाले, तेव्हा लोकांना आत जाता आलं. इथं व्हायच्या महाराजांच्या स्मारकाचं घोंगडं मात्र भिजतच पडलंय. पुन्हा असा कार्यक्रम लागला की चुकवू नको, किंवा रीतसर परवानगी काढ.

आत गेलास तर आधी मान वर कर. जुन्या कापड गिरण्यांत छप्पर करवतीच्या दातांसारखं असायचं आणि काचा शक्यतो उत्तरेकडं, म्हणजे मागावर उजेड पडावा पण ऊन नको. सुताला कोरडी हवा चालत नाही, पटापट तुटतं. म्हणून खात्यात, म्हणजे गिरणीच्या कामाच्या विभागात, हवेत ओल धरून ठेवायचे. कामगार घामानं भिजायचे ते त्यामुळंच.

परवानगी नाही मिळाली तर कोटितीर्थ तलावाच्या बाजूनं एक फेरी मार.