सनद, तक्रार आणि बार कौन्सिलचा कारभार : वाचकांचे प्रश्न

वकिलांच्या सनदेवर, म्हणजे वकिली करण्याच्या परवान्यावर, ज्या संस्थेचा अधिकार चालतो, त्या महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलविषयी पक्षकारांनी आणि वकिलांनी पाठवलेले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : जमिनीच्या दाव्यासाठी वकीलसाहेबांनी कोर्ट फीचे पैसे घेतले, पण दावा दाखलच केला नाही. कागद परत मागितले तर आधी राहिलेली फी द्या म्हणतात. तालुक्याच्या वकील संघात गेलो, तर त्यांनी मुंबईला जा म्हणून सांगितले. हे बरोबर आहे का? (एक पक्षकार, माढा, जि. सोलापूर)

बरोबर आहे. वकील संघ म्हणजे बार असोसिएशन ही वकिलांची आपसातली संघटना. तिला कुणाच्याही सनदेला हात लावता येत नाही. सनद देण्याचा, स्थगित करण्याचा आणि काढून घेण्याचा अधिकार 1961 च्या अधिवक्ता कायद्याने राज्याच्या बार कौन्सिलला दिला आहे. आपल्याकडे महाराष्ट्र, गोवा, दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव मिळून एकच कौन्सिल आहे, आणि तिची कचेरी मुंबईत फोर्टला उच्च न्यायालयाच्या परिसरात आहे.

तक्रार साध्या पत्रावर चालत नाही. ती अर्जाच्या स्वरूपात हवी, खाली सही हवी आणि दिवाणी दाव्याला करतात तसे सत्यापन, म्हणजे मजकूर खरा असल्याचे सहीनिशी लिहून दिलेले, हवे. सोबत ठरलेली फी भरावी लागते. मराठीत लिहिलेली तक्रार चालते, हे अनेकांना कुणी सांगतच नाही. प्रकरण पुढे दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे गेले, तर इंग्रजी भाषांतर करून देण्याची जबाबदारी राज्य कौन्सिलची असते.

अर्जात तारखा लिहा. पैसे कधी दिले, रोख की ऑनलाइन, पावती आहे का, वकीलपत्रावर सही कधी झाली, कागद मागितल्याचा पुरावा काय, हे सगळे क्रमाने यायला हवे. दावा दाखल झालेला नाही हे दाखवायला ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोधा आणि त्या न्यायालयातूनही तशी खात्री करून घ्या. तक्रारी बहुतेक इथेच लंगड्या पडतात. पानेच्या पाने संताप लिहिलेला असतो आणि एकही तारीख नसते.

फी राहिली म्हणून पक्षकाराचे कागद अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली हे स्पष्ट केले आहे. तेव्हा कागदांची मागणी लेखी करा, स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा.

एक गोष्ट मात्र आधीच समजून घ्या. बार कौन्सिल शिक्षा करते, ती वसुली करणारे न्यायालय नाही. तक्रार फेटाळणे, समज देणे, ठरावीक काळासाठी सनद स्थगित करणे किंवा वकिलांच्या पटावरून, म्हणजे नोंदवहीतून, नाव काढणे, एवढेच तिच्या हातात असते. पैशांसाठी दिवाणी न्यायालयात जावे लागेल. वकिलाची सेवा ग्राहक कायद्याखाली येत नाही, असा निकाल मे 2024 मध्ये लागल्याने ग्राहक आयोगाची वाटही बंद झाली आहे.

प्रश्न : कौन्सिलवर निवडून आलो, तर तक्रारींच्या बैठकीत सदस्याने नेमके काय करायचे असते? अनुभवी मंडळी सांगतात, तक्रार आली की पाठवायची समितीकडे, ते बघून घेतील. (एक वकील, अहिल्यानगर)

हा सल्ला ऐकू नका. कायद्याच्या कलम 35 मध्ये कौन्सिलला गैरवर्तन झाल्याचे ‘मानण्यास कारण’ असेल तरच प्रकरण चौकशी करणाऱ्या शिस्त समितीकडे पाठवायचे, असे म्हटले आहे. ही चाळणी कौन्सिलची आहे, समितीची नाही. ती लावली नाही तर दोन्हीकडून अन्याय होतो. खरी तक्रार ढिगाखाली जाते आणि विरुद्ध पक्षाने सूडापोटी केलेल्या तक्रारीत एखादा सरळ वकील वर्षभर तारखांना फिरत राहतो.

आपल्याच कौन्सिलला याचा फटका बसला आहे. सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका वकिलाविरुद्धची कारवाई रद्द केली आणि कौन्सिलला 50,000 रुपये खर्च द्यायला लावला. तक्रार विरुद्ध पक्षाच्या माणसाने केलेली होती, आणि समितीकडे पाठवण्याच्या आदेशात कारण असे काही नव्हतेच.

आता ठरावाची भाषा पाहा. ‘तक्रार व वकिलांचे उत्तर वाचले. प्रकरण शिस्त समितीकडे पाठवावे.’ असे लिहून भागत नाही. त्याऐवजी समजा असे लिहिले : ‘तक्रारदाराने अमुक तारखेची 12,000 रुपयांची पावती जोडली आहे. रक्कम कोर्ट फीसाठी घेतल्याचे वकिलांना मान्य आहे. दावा दाखल केल्याचा क्रमांक त्यांनी दिलेला नाही. दिरंगाईचे कारण उत्तरात नाही. सबब पक्षकाराची रक्कम ज्या कामासाठी घेतली त्या कामी न लावल्याबद्दल सकृद्दर्शनी प्रकरण दिसते.’ चार-पाच ओळी जास्त झाल्या, पण कुठला आरोप, कुठल्या कागदावर आणि काय मान्य आहे, हे कुणालाही कळते. पुढे उच्च न्यायालयात आव्हान मिळाले तरी असा ठराव टिकतो. गैरवर्तन सिद्ध झाले असे मात्र त्यात कुठेही येऊ देऊ नका. ते समितीचे काम आहे.

तक्रार मोघम असेल तर लगेच फेटाळूही नका. पाठवण्याआधी तक्रारदाराकडून मुदत देऊन अधिक तपशील मागवता येतो आणि वकिलांचे म्हणणेही घेता येते. नियमांतच ती सोय आहे. पक्षकार शिकलेला नसेल तर ही एक पायरी त्याला वाचवते.

सगळ्यांत अवघड भाग मतांचा. ज्या वकिलाविरुद्धची तक्रार समोर आहे, तो तुमचा मतदार असतो. कदाचित तुमच्या जिल्ह्यातला, कदाचित ज्यांच्या हाताखाली तुम्ही काम शिकलात त्यांचा भाऊ. अशा वेळी चर्चेआधीच तसे सांगा, बैठकीतून बाहेर या आणि तुम्ही बाहेर गेल्याची नोंद इतिवृत्तात करून घ्या. नुसते गप्प बसून राहणे पुरेसे नाही, कारण खोलीतली तुमची हजेरीही बोलते. तक्रारीसंबंधी फोन आला तर ऐकून घेऊ नका, लेखी द्या म्हणा. 1975 साली याच कौन्सिलने सर्वोच्च न्यायालयात नेलेल्या प्रकरणात सात न्यायमूर्तींनी सांगितले की, कौन्सिल ही व्यवसायाच्या शुद्धतेची राखणदार आहे आणि त्यात तिला स्वतःचे हित नसले तरी लोकांचे आहे. निवडणूक वकिलांनी लढवायची आणि विश्वास लोकांचा सांभाळायचा, हे या पदाचे खरे ओझे आहे.

प्रश्न : तक्रारदाराशी तडजोड झाली, त्याने अर्ज मागे घेतला. तरी समिती प्रकरण बंद करत नाही. असे का? (एक वकील, नागपूर)

कारण प्रकरण आता तुमच्या दोघांतले राहिलेले नाही. तडजोड झाली, अर्ज मागे घेतला किंवा तक्रारदाराला पुढे चालवायचे नाही, एवढ्याच कारणावरून चौकशी सोडून देता येत नाही, असा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा स्पष्ट नियम आहे. तो योग्यच आहे. नाहीतर पैसे फेकून तक्रार मिटवण्याचा धंदा सुरू होईल. तडजोडपत्र जरूर दाखल करा, शिक्षा ठरवताना ते विचारात घेतले जाऊ शकते.

प्रश्न : तक्रार करून तीन वर्षे झाली, निकाल नाही. अध्यक्षांना भेटून उपयोग होईल का? (एक वाचक, कोल्हापूर)

अध्यक्षांना भेटून निकाल मिळत नाही आणि मिळूही नये. शिस्त समिती तिघांची असते. दोघे कौन्सिलने आपल्यातून निवडलेले, तिसरा कौन्सिलबाहेरचा, किमान दहा वर्षे सनद असलेला स्वीकृत वकील. त्यांच्यात जो ज्येष्ठ तोच समितीचा अध्यक्ष, मग तो बाहेरून घेतलेला का असेना. कौन्सिलच्या अध्यक्षांचा मताधिकार इथे चालत नाही. फक्त तिघांत बहुमतच होत नसेल, तर प्रकरण त्यांच्यापुढे मतासाठी येते आणि अंतिम आदेश त्यांच्या मताप्रमाणे होतो. म्हणूनच अध्यक्षांनी स्वतः शिस्त समितीवर बसू नये, असे आमचे ठाम मत आहे. कायदा त्यांना मनाई करत नाही, पण मग ते काम उपाध्यक्षांवर जाते आणि कौन्सिलचा प्रमुख एका बाजूने मत देऊन बसलेला असतो.

उशीर कुठे होतो ते सांगतो. एखादा सदस्य गैरहजर असला तरी तारखेचे काम चालवता येते, पण अंतिम आदेशाला तिघेही हजर लागतात. सदस्य स्वतः चालू वकिली करणारे, वेगवेगळ्या शहरांतले. एकाचे नागपूरला प्रकरण, दुसऱ्याचे पणजीला, आणि तारीख पुढे ढकलली जाते. समन्स न बजावल्यानेही महिने जातात, कारण वकिलाचा जुना पत्ताच पटावर असतो.

कायद्याने मुदत एक वर्षाची आहे. तक्रार मिळाल्यापासून वर्षात निकाल झाला नाही, तर कलम 36-ब प्रमाणे प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग होते. तुमची तीन वर्षे झाली आहेत, तेव्हा मुंबईच्या कचेरीत सचिवांना लेखी विचारा : प्रकरण कोणत्या तारखेला वर्ग केले, जावक क्रमांक काय. तोंडी उत्तरावर परत येऊ नका. समितीबद्दलच अडचण असेल, तर चालू चौकशी एका समितीकडून काढून दुसरीकडे देण्याचा अधिकार कौन्सिलला आहे. त्यासाठी कारणासह अर्ज द्यावा लागतो. निकाल लागून तो पटला नाही, तर तो कळल्यापासून 60 दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपील, आणि त्यानंतर पुन्हा 60 दिवसांत सर्वोच्च न्यायालय.

कारभार सुधारायची इच्छा असलेल्या अध्यक्षाने दर बैठकीच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय एकच ठेवावा : नऊ महिन्यांपेक्षा जुनी प्रकरणे किती आणि प्रत्येक कशासाठी अडली आहे. वर्ष उलटल्यावर यादी काढण्यात काही अर्थ नसतो.

प्रश्न : सनदेची फी नक्की किती? (विधी शाखेची विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

कायद्यात 750 रुपये : 600 राज्य कौन्सिलला, 150 बार कौन्सिल ऑफ इंडियाला. अनुसूचित जाती-जमातींसाठी 100 आणि 25, एकूण 125. मुद्रांक शुल्क लागू असेल तर ते वेगळे. विविध नावांनी अनेक राज्यांत हजारो रुपये घेतले जात होते, ते 30 जुलै 2024 च्या निकालाने थांबले. आधी भरलेले परत मिळणार नाहीत, असेही त्याच निकालात आहे.

प्रश्न : 2018 साली निवडून आलेली कौन्सिल पाच वर्षांनंतरही कशी चालली? आणि या निवडणुकीतले पसंतीचे मत कसे मोजतात? (एक वकील, म्हापसा, गोवा)

मुदत पाच वर्षांचीच. बार कौन्सिल ऑफ इंडिया कारणे नोंदवून ती जास्तीत जास्त सहा महिने वाढवू शकते. त्यातही निवडणूक झाली नाही, तर महाधिवक्त्यांच्या अध्यक्षतेखाली तिघांची विशेष समिती नेमून तिने सहा महिन्यांत निवडणूक घ्यावी, असे कलम 8-अ सांगते. प्रत्यक्षात वकिलांच्या पदव्यांची पडताळणी अपुरी असल्याच्या कारणाने देशभर निवडणुका रखडल्या आणि 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला वेळापत्रक ठरवून द्यावे लागले. पडताळणी हवीच, खोट्या पदवीवर सनद घेतलेला माणूस न्यायालयात उभा राहणे भयंकर आहे. पण ते काम वर्षभर चालू ठेवायचे असते. मुदत संपताना ते आठवले की निवडणूक लांबवायला कारण मिळते.

मोजणी आपल्या पदवीधर मतदारसंघासारखी, पसंतीक्रमाने. दहा हजारांहून जास्त मतदार असलेल्या कौन्सिलला 25 जागा असतात. वैध मतांना जागांपेक्षा एक जास्त, म्हणजे 26 ने भागायचे आणि एक मिळवायचा. समजा 52,000 मते वैध ठरली, तर कोटा 2,001. तो पार केलेल्याची जादा मते त्याच मतपत्रिकांवरच्या पुढच्या पसंतीकडे जातात. मग सर्वांत कमी मतांचा उमेदवार बाद आणि त्याची मतेही पुढे. फेऱ्या बऱ्याच होतात, म्हणून मोजणी दिवसेंदिवस चालते. 1 हा आकडा दोन नावांपुढे लिहिला तर मत बाद. आकड्याऐवजी फुली मारली तरी बाद.

निवडून येणाऱ्यांत सुमारे निम्मे किमान दहा वर्षे पटावर असलेले हवेत. डिसेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महिलांना 30 टक्के प्रतिनिधित्व देण्याचा आदेश दिला, त्यात या खेपेस 20 टक्के निवडणुकीतून आणि 10 टक्के स्वीकृत. हे फार आधीच व्हायला हवे होते. निवडून आल्यावर सबळ कारणाशिवाय लागोपाठ तीन बैठका चुकवल्या, तर कौन्सिलने तसे जाहीर करताच पद जाते. मतदारांनी हजेरीचा तक्ता मागावा.

प्रश्न : वकिलांनीच वकिलांची चौकशी करायची, मग सामान्य माणसाचे कोण ऐकणार? समितीत बाहेरचा माणूस का नाही? (एक वाचक, पुणे)

आजच्या कायद्याने तो घेताच येत नाही. तिसरा सदस्यही वकीलच असावा, असे कलम 9 मध्ये आहे. ते बदलायचे तर संसदेनेच. इंग्लंडमध्ये वकिलांचे प्रतिनिधित्व आणि नियमन वेगळे केले गेले आणि 2007 च्या कायद्यानंतर नियमन मंडळावर वकील नसलेल्यांचे बहुमत आले. आपल्याकडे डॉक्टरांच्या बाबतीत 2020 मध्ये निवडून आलेल्या परिषदेच्या जागी सरकारने नेमलेला आयोग आला. हा दुसरा मार्ग वकिलांना लावणे आम्हाला धोक्याचे वाटते, कारण सरकारविरुद्ध उभे राहणाऱ्या वकिलाची सनद सरकारने नेमलेल्यांच्या हाती जाईल. निवडून आलेली कौन्सिल ठेवून शिस्त समितीत एक निवृत्त न्यायाधीश आणि एक नागरिक घेणे, हा बदल मागण्यासारखा आहे.

तोवर कायदा न बदलता करता येण्यासारखेही आहे. कौन्सिलने दर तीन महिन्यांनी आलेल्या, पाठवलेल्या, फेटाळलेल्या आणि वर्षाच्या आत निकाली काढलेल्या तक्रारींचे आकडे जिल्हावार संकेतस्थळावर टाकावेत. शिक्षा झालेल्यांचे आदेश नावासह प्रसिद्ध करावेत. लेखापरीक्षण झालेले हिशेब राजपत्रात छापणे तर कलम 12 प्रमाणे बंधनकारकच आहे. ते मराठीतही, सहज सापडतील असे ठेवावेत.